अडीच नर्स

एका जंगलात, मुलांनो, रक्त धुऊन देणारं एक केंद्र होतं.

हसू नका. प्राण्यांनाही मूत्रपिंडं असतात आणि तीही कधीतरी दमतात. मग अंगातली घाण अंगातच साचत जाते. पाय सुजतात, दम लागतो, समोरचं कोवळं गवतसुद्धा नकोसं वाटतं. अशा प्राण्यांनी आठवड्यातून तीनदा त्या केंद्रात जायचं, खाटेवर पडायचं आणि दोन सुया टोचून घ्यायच्या. एका सुईतून रक्त यंत्रात जायचं, यंत्र ते धुवायचं आणि दुसऱ्या सुईतून परत आत सोडायचं. चार तास लागायचे. मोठी माणसं याला डायलिसिस म्हणतात. जंगलात सगळे नुसतं 'धुलाई' म्हणत. "आज माझी धुलाई आहे," असं एखादं सांबर म्हणालं की नवख्या प्राण्यांना वाटे, बिचाऱ्याला घरी मारतात की काय!

जंगलात यंत्रं कुठून आली आणि वीज कुठून आली, असं शहाणी मुलं विचारत नाहीत.

केंद्रात सोळा खाटा होत्या, सोळा पेशंट होते आणि चार सिस्टर होत्या. म्हणजे एका सिस्टरकडे किती पेशंट? शाबास. चार. हे गणित तुम्हाला इतक्या पटकन आलं, हे लक्षात ठेवा. पुढे फार मोठ्या लोकांना ते येणार नाहीये.

चौघींत सगळ्यात जुनी सगुणा. सगुणा सायाळ. तिच्या पाठीवर हे एवढाले काटे होते. ते चुकून कुणाला लागू नयेत म्हणून ती ड्युटीवर येताना पाठीवर जाड घोंगडी घट्ट आवळून बांधायची. तिचा हात इतका हलका होता, की पेशंट विचारायचे, "टोचलीस का गं?" आणि ती म्हणायची, "केव्हाच!"

पण सुई टोचणं हे काही सगुणाचं मोठं काम नव्हतं. तिचं मोठं काम होतं बघणं.

आता खाट क्रमांक एकवरचे गवा आप्पा घ्या. आप्पा म्हणजे चार पायांची टेकडी. तरुणपणी त्यांनी एका वाघाला पळवून लावलं होतं आणि ती गोष्ट ते प्रत्येक धुलाईला पहिल्यापासून सांगायचे. दर खेपेला वाघ हातभर वाढायचा. पण रक्त धुताना कधी कधी पेशंटचा रक्तदाब झपकन उतरतो. आप्पांचा उतरायला लागला की ते वाघाच्या ऐन मध्यावर थांबायचे. नुसतं थांबायचे, बाकी काही नाही. सगुणा तीन ढांगांत त्यांच्याजवळ पोचायची. डोकं खाली, पाय वर, यंत्राचा वेग कमी, नळीतून थोडं मिठाचं पाणी. दोन मिनिटांत आप्पा डोळे उघडायचे.

"कुठपर्यंत आलो होतो गं?"

"वाघाने शेपटी आपटली."

"हां. तर वाघाने शेपटी आपटली..."

आणि सहाव्या खाटेवर दगडू होता. दगडू तरस. तरसाला हसण्याशिवाय दुसरा आवाज येत नाही, हे तुम्हाला ठाऊकच असेल. 'ही ही ही' म्हणजे दगडू मजेत आहे. 'ही ही हुक्' म्हणजे पायात गोळा आला. 'हू हू हू' म्हणजे सुई निसटली, धावा. ही बाराखडी सगुणाने चार वर्षं ऐकून ऐकून शिकली होती. ती कुठे लिहिलेली नव्हती.

असं सगळं नीट चाललं होतं. म्हणून तर ते सुधारायचं ठरलं.

केंद्राचे व्यवस्थापक म्हणून पिसारेसाहेब आले. साहेब मोर होते. शेजारच्या जंगलात तीन दिवसांचं शिबिर करून ते 'कार्यक्षमता' हा शब्द शिकून आले होते आणि तो कधी एकदा वापरतो असं त्यांना झालं होतं. ते पिसारा फुलवायचे तेव्हा प्रत्येक पिसावर एकेक आलेख दिसायचा. सिंहमहाराजांना आणि मंत्रिमंडळाला ते समोरून दिसत. पेशंट मागच्या बाजूला झोपलेले असत. मोराची मागची बाजू कशी दिसते, हे ज्यांनी पाहिलं असेल त्यांनी वर्गात सांगू नये.

साहेबांबरोबर त्यांचा कारकून होता, सरडा. साहेब जे बोलतील त्याचा रंग त्याच्या अंगावर येई. सिस्टर कसं काम करतात हे पाहायला साहेबांनी त्याला आठवडाभर केंद्रात ठेवलं. तो पांढऱ्या चादरीवर बसला की पांढरा व्हायचा, त्यामुळे दोनदा त्याची घडी घातली गेली. पण अहवाल त्याने चोख लिहिला.

"सिस्टर, हे काय?" पिसारेसाहेबांनी सगुणाला विचारलं. "दर अर्ध्या तासाला तुम्ही प्रत्येक खाटेपाशी जाऊन नुसत्या उभ्या राहता?"

"नुसती नाही साहेब. बघते."

"काय बघता?"

"चेहरा. श्वास. हाताची सुई. बोलतायत की गप्प झालेत..."

"आणि काही निघालं नाही, तर?"

"तर पुढच्या खाटेकडे जाते."

साहेबांनी सरड्याकडे पाहिलं. सरड्याने लिहिलं : 'दिवसाकाठी तीन तास आळस. शिवाय चालत चालत.'

मग बदल सुरू झाले. मुंगूसताई चपळ आणि दिसायला ठसठशीत. तिला पाहुण्यांच्या स्वागताला फाटकात उभं केलं. पाहुणे कधी येत नसत, पण आले असते तर पंचाईत झाली असती. उरल्या तिघी. तिघींना काम उरकेना. तेव्हा नर्स कमी का पडतात याचा सखोल अहवाल हवा, असं ठरलं. तो लिहायला एक नर्स लागली. वानरीणताई गेली.

उरल्या दोघी, सगुणा आणि खवलीताई. खवलीताई म्हणजे खवल्या मांजर, अंगावर खवले खवले. ती पंधरा दिवस आठ पेशंट सांभाळत राहिली. सोळाव्या दिवशी दुपारी ती उभ्या जागी गुंडाळली आणि तिचा घट्ट चेंडू झाला. खवल्या मांजर दमलं, घाबरलं की असंच करतं. सगुणाने हाका मारल्या. पेशंटनी हाका मारल्या. चेंडू उलगडेना.

साहेब आले. त्यांनी चेंडूभोवती एक फेरी मारली.

"ड्युटीच्या जागेवर आहे ना?"

"आहे साहेब," सरडा म्हणाला.

"मग हजर मांडा."

अशा रीतीने कागदावर दोन नर्स राहिल्या. त्यातली एक गोल होती.

सगुणाने साहेबांना गाठलं. "साहेब, सोळा पेशंट माझ्या एकटीच्या नजरेत राहत नाहीत. इकडे बघितलं की तिकडचं सुटतं."

"त्याची सोय केली आहे," साहेब प्रसन्नपणे म्हणाले. त्यांनी प्रत्येक खाटेला एक घंटा बांधून दिली होती. भिंतीवर पाटी लावली होती : 'चक्कर आल्यास घंटा एकदा वाजवावी. बेशुद्ध पडल्यास दोनदा.'

आप्पांनी पाटी दोनदा वाचली. "सगुणे," ते हळूच म्हणाले, "बेशुद्ध पडल्यावर दोन की एक, हे मला आठवेल का गं?"

मग आला तो मंगळवार.

दुपारची वेळ होती. सोळाही यंत्रं फिरत होती. बाराव्या खाटेवर वच्छीमावशी अस्वलीण कूस बदलताना नळीवरच पडली, आणि तिचं यंत्र टीं टीं करून ओरडायला लागलं. सगुणा धावली. एवढ्या केसांतून नळी शोधायची म्हणजे खेळ नव्हे. मावशी एकीकडे म्हणत होती, "गुदगुल्या होतायत गं बाई." तेवढ्यात सहाव्या खाटेवरून आवाज आला.

"हू हू हू."

सरडा खिडकीत बसून पेशंटच्या समाधानाची नोंद घेत होता. त्याने लिहिलं : 'दगडू तरस. अत्यंत समाधानी.'

सगुणा नळी सोडवून धावत सुटली. दगडूच्या चादरीखालून लाल धार लागली होती. सुई निसटून यंत्र रक्त बाहेर फेकत होतं. तिने यंत्र बंद केलं, हातावर बोळा ठेवला आणि जीव खाऊन दाबला. आता तो दहा मिनिटं सोडायचा नव्हता. दगडू हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

आणि मग सगुणाच्या लक्षात आलं. केंद्रात काहीतरी कमी आहे.

वाघ कमी होता.

"आप्पा!" ती तिथूनच ओरडली. "आप्पा, वाघाचं पुढे काय झालं?"

खाट क्रमांक एकवरून उत्तर आलं नाही.

"कुणीतरी आप्पांचे पाय वर करा! लवकर!"

पेशंट जागच्या जागी धडपडले, पण सगळे नळ्यांनी यंत्राला बांधलेले. खवलीताईचा चेंडू कोपऱ्यात. मुंगूसताई बाहेर फाटकापाशी. तिथवर हाक पोचत नव्हती. मोकळा होता फक्त सरडा. त्याने खाली उतरून आप्पांचा एक पाय धरलाही. पण आप्पांचा नुसता खूर सरड्याच्या दहापट होता. तो खुरावर लटकून राहिला आणि घाबरून त्याला एकामागून एक सगळे रंग येऊन गेले.

"दगड्या, हा बोळा तूच दाब. असा. मेलास तरी सोडू नकोस," सगुणा म्हणाली आणि धावली. ती पोचायला आणि आप्पा खाटेवरून कोसळायला एकच गाठ पडली. सगळं केंद्र हादरलं. आप्पांचं डावं शिंग मोडून पडलं.

तिने नळ्या सांभाळल्या. मिठाचं पाणी सोडलं. कपाळाला हात लावून ती हाका मारत राहिली. फार वेळाने आप्पांनी डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं आणि नेहमीसारखंच विचारलं,

"कुठपर्यंत आलो होतो गं?"

सगुणाला सांगता आलं नाही. त्या दिवशी तिने वाघ ऐकलाच नव्हता.

गुरुवारी आप्पा धुलाईला आले नाहीत. शनिवारीही नाहीत. ड्युटी संपल्यावर सगुणा त्यांच्याकडे पाणवठ्यावर गेली. आप्पा चिखलात बसले होते. पाय सुजून खांबासारखे झाले होते, श्वास लागत होता.

"चला आप्पा. मी स्वतः तुमच्याजवळ बसते. एक नंबरपासून हलणारच नाही."

"आणि बाकीचे पंधरा?" आप्पा म्हणाले.

सगुणा त्यांच्या सुजलेल्या पायावरचा चिखल पुसायला लागली.

"तुझी चूक नाही पोरी. वाघाला मी भ्यालो नाही, खरं सांगतो. पण मंगळवारी पडता पडता मी बघितलं, आजूबाजूला कुणीच नव्हतं. त्याचं भ्या बसलं बघ."

तिने खूप विनवलं. दुसऱ्या दिवशी परत गेली, तिसऱ्या दिवशीही गेली. सोमवारी आप्पा गेले.

पिसारेसाहेबांच्या वहीत त्या महिन्याची नोंद अशी होती : 'केंद्रातील मृत्यू : शून्य.' कारण आप्पा केंद्रात मेले नव्हते. ते पाणवठ्यावर मेले होते आणि पाणवठा दुसऱ्या विभागाकडे येत होता.

ही नोंद सगुणाने वाचली. मुलांनो, सगुणा जन्मात कधी चिडली नव्हती. त्या दिवशी ती साहेबांच्या खोलीत शिरली, टेबलासमोर उभी राहिली, आणि तिच्या पाठीवरचे काटे एकेक करत उभे राहिले. घोंगडी टराटरा फाटली. सरडा भिंतीला चिकटून भिंतीच्या रंगाचा झाला.

"साहेब," ती म्हणाली. आवाज मात्र तिने चढवला नाही. "मला तीन नर्स परत द्या. आजच्या आज."

साहेब तिच्या पाठीकडे बघतच राहिले. घाबरून नव्हे. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद पसरत चालला होता.

"किती आहेत हो हे?"

"काय?"

"काटे! सरडोजी, मोजा."

सरड्याने मोजले. तीनशे बारा भरले.

"बघा!" साहेब टाळी वाजवून म्हणाले. "साध्या नर्सजवळ एका वेळी दोन सुया असतात. तुमच्याजवळ तीनशे बारा, आणि चोवीस तास तयार! सिस्टर, तुम्हाला आम्ही उगाच एक धरत होतो. मी तर एकशे छप्पन्न धरणार होतो. पण अतिशयोक्ती मला आवडत नाही. अडीच मांडा, सरडोजी."

"अडीच," सरड्याने लिहिलं. "अधिक खवलीताई एक. एकूण साडेतीन."

"म्हणजे चारला अर्धीच कमी," साहेब म्हणाले. "ती अर्धी पुढच्या वर्षी बघू."

सगुणा बाहेर आली आणि व्हरांड्यात खांबाला टेकून उभी राहिली. ओरडावं की रडावं, हे तिला ठरवता येईना. आतून एक यंत्र टीं टीं करायला लागलं, तेव्हा ती दोन्ही न करता आत धावली.

पुढे काय झालं ते सांगायला सोपं आहे. पेशंट एकेक करून कमी होऊ लागले. दोन हरणं नदीपलीकडे गेली. तिथे हत्तिणींनी एक छोटं केंद्र काढलं होतं. एक रानडुक्कर, एक साळुंकी आणि तिचा नवरा त्यांच्या मागून गेले. नीलगाय पडण्याच्या भीतीने यायची बंद झाली आणि एक दिवस मेली. म्हातारं भेकर नळीच्या जागी जंतू शिरून तापाने गेलं, पण तापही दुसऱ्या विभागाकडे होता. आणखी चौघे काही न सांगताच यायचे बंद झाले. पावसाळा संपेपर्यंत केंद्रात उरले चार : वच्छीमावशी, दगडू, एक कासव आणि एक बहिरं उदमांजर.

एके दिवशी सकाळी पिसारेसाहेबांनी वही उघडली, पेशंट मोजले, नर्स मोजल्या (या खेपेला सगुणा एकच धरली आणि चेंडू धरलाच नाही) आणि ते खुर्चीतून उडालेच. ते मोर असल्यामुळे खरोखरच उडाले.

"सरडोजी! एकास चार!"

आठच दिवसांत समारंभ ठरला. कमान उभारली, पानाफुलांच्या माळा लावल्या. सिंहमहाराज दिवसाचे वीस तास झोपत. उरलेल्या चारांतला एक तास त्यांनी केंद्राला दिला. मुंगूसताईने त्यांचं स्वागत केलं. तेवढ्यासाठी ती सात महिने फाटकात उभी होती. वानरीणताईने सातशे पानांचा अहवाल सादर केला. त्याचा निष्कर्ष असा होता की नर्स कमी पडतात, कारण त्या कमी आहेत. महाराजांनी तो डोक्याखाली घेतला.

साहेबांनी पिसारा फुलवला. "महाराज! याच केंद्रात एका नर्सला सोळा पेशंट बघावे लागत होते. आज एका नर्समागे फक्त चार! आणि हे आम्ही एकही नर्स न वाढवता करून दाखवलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"न वाढवता?" महाराजांनी एक डोळा उघडला. "कसं काय जमवलंत बुवा?"

"नियोजन, महाराज."

मग सगुणाला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती उभी राहिली. तिच्या हातात एक चिठ्ठी होती. ती वाचायला लागली. "गवा आप्पा. नीलगाय तुळसाबाई. भेकर सोनबा..." अशी तिने बारा नावं वाचली आणि ती खाली बसली.

"ही मंडळी कोण?" महाराजांनी विचारलं.

पिसारेसाहेब पटकन म्हणाले, "प्रमाण सुधारण्यात यांचा मोलाचा वाटा आहे, महाराज."

"अस्सं! मग त्यांचाही सत्कार करा."

"ते आलेले नाहीत."

"साधी मंडळी दिसतात," महाराज कौतुकाने म्हणाले आणि झोपले.

मागच्या रांगेत दगडू हसत होता. सगुणाने त्याच्याकडे पाहिलं. हे हसणं नवीन होतं. तिच्या बाराखडीत नव्हतं. पण तिला ते लगेच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चौघा पेशंटना घेऊन नदीकडे निघाली. वच्छीमावशीच्या पाठीवर उदमांजर बसलं. दगडूने कासव उचललं. खवलीताईचा चेंडू सगुणाने पुढे ढकलत नेला. उतारावर तो हातातून सुटला, गडगडत गेला आणि पाण्यात पडला. पाण्यातून डोकं वर काढून खवलीताईने विचारलं, "ड्युटी संपली का गं?"

"इथली संपली," सगुणा म्हणाली.

पलीकडच्या केंद्राची प्रमुख एक वयस्क हत्तीण होती. तिने सगुणाचा कुठलाही कागद मागितला नाही. एकच प्रश्न विचारला.

"तुम्ही काय काम करता?"

"मी बघते," सगुणा म्हणाली.

हत्तिणीने तिला सोंडेने चार खाटा दाखवल्या. "या बघा. पाचवी दाखवणार नाही."

आणि इकडे?

इकडे पिसारेसाहेबांनी वही उघडली. पेशंट शून्य. नर्स शून्य. तक्रारी शून्य. कुणी पडलं नाही, कुणाची सुई निसटली नाही, कुणाचा रक्तदाब उतरला नाही. सोळाच्या सोळा चादरी पांढऱ्याशुभ्र, घडीसुद्धा मोडलेली नाही.

"साहेब," सरड्याने भीत भीत विचारलं, "शून्याला शून्याने भागलं तर प्रमाण काय येतं?"

साहेबांनी थोडा विचार केला.

"आदर्श," ते म्हणाले.

आता दूरदूरच्या जंगलांतून व्यवस्थापक ते केंद्र पाहायला येतात. सोळा खाटांमधून हळू पावलांनी फिरतात. किती स्वच्छता, किती शांतता, म्हणून एकमेकांकडे बघून माना डोलावतात. जाताना वहीत टिपून नेतात आणि आपापल्या जंगलात जाऊन कामाला लागतात.

तात्पर्य : नर्स कमी पडल्या तर लगेच घाबरून जाऊ नये. थोडा धीर धरावा. पेशंटही कमी होतात.